हमरस्ता, कोठडी आणि तिकीटबारी

एकट्या स्त्रीने लांबच्या प्रवासाला निघावे आणि वाटेत तिच्यावर एकामागून एक संकटे कोसळावीत, एवढ्याशा कथासूत्रावर कमी खर्चाचे चित्रपट पुष्कळ निघाले. त्यांतले बहुतेक पडद्यावरून उतरताच विसरले गेले आणि मोजके काही मात्र ते काढणाऱ्यांच्या अपेक्षेपलीकडे टिकले. १९७६ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला, मायकेल मिलर यांनी दिग्दर्शित केलेला ‘जॅक्सन काउंटी जेल’ हा त्या मोजक्यांपैकी एक आहे. त्याच्याकडे पुन्हा वळण्याचे कारण असे, की त्याची जाहिरात रस्त्याची भीती विकत होती आणि चित्रपट मात्र, नीट पाहिला तर, त्या भीतीचे ठिकाण रस्त्यावरून हलवून पोलिसांच्या कोठडीत नेत होता. ज्या वर्षी तो पडद्यावर आला त्याच वर्षी महाराष्ट्रात पोलीस चौकीतल्या अत्याचाराचा एक खटला उच्च न्यायालयापुढे होता, आणि या खटल्याने पुढे देशाचा कायदा बदलला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारण संबंध काहीही नाही. तरीही त्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आपल्याकडच्या चित्रपटांनी काय उचलले आणि काय टाळले, हे लख्ख दिसू लागते.

‘एक्स्प्लॉइटेशन’ या नावाने ओळखला जाणारा चित्रपटप्रकार म्हणजे मोठे नट, मोठा खर्च आणि मोठी कंपनी यांपैकी काहीही पाठीशी नसताना हिंसा, नग्नता, वेग किंवा एखादी ताजी सनसनाटी बातमी अशा हमखास खपणाऱ्या घटकावर उभा केलेला चित्रपट. अमेरिकेत असे चित्रपट मुख्यतः दोन ठिकाणी चालत. एक म्हणजे ‘ड्राइव्ह-इन’, म्हणजे गावाबाहेरच्या मैदानात उभारलेला पडदा, ज्याच्यासमोर प्रेक्षक आपापल्या मोटारीत बसून खेळ पाहत. आणि दुसरे ‘ग्राइंडहाऊस’, म्हणजे शहरांच्या कळकट भागांतली, एका तिकिटात एकाहून अधिक चित्रपट सलग दाखवणारी थिएटरे. अशा चित्रपटाला कालांतराने छोटा पण निष्ठावंत चाहतावर्ग लाभला, त्याच्या जुन्या प्रती शोधून लोक तो पुन्हा पुन्हा पाहू लागले, म्हणजे त्याला ‘कल्ट’ म्हटले जाते. ‘जॅक्सन काउंटी जेल’ची कथा त्याच दिग्दर्शकाने त्याच नायिकेला घेऊन १९७८ साली ‘आउटसाइड चान्स’ या नावाने दूरदर्शन-चित्रपटासाठी पुन्हा सांगितली आणि १९९७ साली ‘मेकन काउंटी जेल’ या नावाने ती तिसऱ्यांदा पडद्यावर आली, यावरून तिच्यातला जीव दिसतो.

या चित्रपटाच्या मागे उभा असलेला माणूस म्हणजे रॉजर कोर्मन, जो २०२४ च्या मे महिन्यात वयाच्या ९८ व्या वर्षी वारला. १९७० साली त्याने ‘न्यू वर्ल्ड पिक्चर्स’ ही कंपनी काढली आणि कमी पैशांत, थोड्या दिवसांत चित्रपट उरकण्याची जी पद्धत तो आधीपासून राबवत होता, तिला कारखान्याचे रूप दिले. या पद्धतीत दिग्दर्शकावर बंधने दोनच असत: एक, खर्च आणि दिवस वाढता कामा नयेत, आणि दोन, ठराविक अंतराने मारामारी, पाठलाग किंवा उघडे शरीर पडद्यावर आलेच पाहिजे. ही वसुली चुकती केली, की उरलेल्या जागेत दिग्दर्शकाने काय करावे याकडे कोर्मन फारसे पाहत नसे, किंबहुना थोडासा डावा, व्यवस्थेला टोचणारा सूर त्याला हवाच असे. जोनाथन डेमी आणि रॉन हॉवर्ड यांच्यासारखे पुढे नावाजलेले दिग्दर्शक याच फटीतून वर आले, आणि याच कंपनीने इंगमार बर्गमनचा ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ अमेरिकेत वितरित करून तो चक्क ड्राइव्ह-इनमध्येही लावला. कलेचा आणि बाजाराचा असा बेधडक संसार फार थोड्या निर्मात्यांनी थाटला असेल. ‘जॅक्सन काउंटी जेल’ची पटकथा डोनाल्ड स्ट्यूअर्ट यांची होती, आणि त्यांच्यापुरती एक नोंद अवश्य करायला हवी. पुढे १९८२ च्या ‘मिसिंग’ या चित्रपटासाठी त्यांना दिग्दर्शक कोस्टा-गाव्रास यांच्यासह ऑस्कर मिळाले. तो चित्रपट चिलीतल्या लष्करी उठावानंतर बेपत्ता झालेल्या एका अमेरिकन तरुणाविषयी आहे, म्हणजेच सत्तेच्या ताब्यात गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हाच प्रश्न त्याच लेखकाने सहा वर्षांनी प्रतिष्ठित मंडळींसमोर मांडला आणि तेव्हा तो सन्माननीय ठरला.

कथा थोडक्यात अशी. डायना हंटर ही लॉस एंजेलिसमधल्या जाहिरात व्यवसायात वरच्या जागेवर काम करणारी स्त्री आहे (ही भूमिका इव्हेट मिम्यू हिची, १९६० च्या ‘द टाइम मशीन’मधली वीना म्हणून ती आधी प्रेक्षकांना माहीत होती). कामावर खटका उडतो, घरी जोडीदाराचा विश्वासघात उघड होतो आणि ती न्यूयॉर्कला नवी नोकरी धरण्यासाठी एकटीच मोटारीने देश ओलांडायला निघते. वाटेत ती लिफ्ट मागणाऱ्या एका तरुण जोडप्याला गाडीत घेते; मुलगी गरोदर असल्यामुळे तिला संशय येत नाही. ते दोघे तिची गाडी आणि पर्स घेऊन पसार होतात. पायी चालत ती रस्त्याकडेच्या एका दारूच्या गुत्त्यात मदत मागायला जाते, तिथला मालक तिच्यावर हात टाकतो, ती प्रतिकार करते आणि पोलीस येतात तेव्हा ते मालकाचे म्हणणे खरे धरून तिलाच ताब्यात घेतात, कारण तिच्याजवळ ओळख पटवणारा एकही कागद उरलेला नाही. रात्री कोठडीत पहाऱ्यावरचा पोलीस तिच्यावर बलात्कार करतो, झटापटीत तिच्या हातून तो मारला जातो आणि शेजारच्या कोठडीतला कोली ब्लेक नावाचा कैदी किल्ल्या मिळवून तिला घेऊन पळतो. शेवटी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीची मिरवणूक चालू असताना भर रस्त्यात ब्लेक गोळ्या खाऊन पडतो आणि डायना पुन्हा पोलिसांच्या गाडीत जाते. ब्लेकची भूमिका टॉमी ली जोन्स या तेव्हाच्या नवख्या नटाने केली होती. त्यालाच १९९३ च्या ‘द फ्युजिटिव्ह’मध्ये फरारी कैद्याचा माग काढणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळावे, हा चित्रपटसृष्टीचा विनोद म्हणायचा.

या कथेतला कळीचा प्रसंग प्रेक्षक बलात्काराला समजतो, पण तिची खरी कळ त्याच्या बरीच आधी, गुत्त्यातल्या दोन-चार मिनिटांत आहे. तिथे डायना तक्रारदार म्हणून उभी असते आणि कोणी आवाज न चढवता, कोणी विशेष दुष्टपणा न करता, ती आरोपी होऊन बाहेर पडते. पोलीस मालकाला ओळखतात. तो गावचा आहे, त्याचे दुकान आहे, उद्याही तो तिथेच असणार आहे. ती कोण आहे हे सांगणारे तिच्या स्वतःच्या तोंडाखेरीज दुसरे काही नाही, आणि तोंडी पुराव्याची किंमत सांगणाऱ्याच्या पत्त्यावर ठरते. मोठ्या कंपनीत अधिकाराची जागा भूषवणारी, नीटनेटके बोलणारी, गोरी, सुस्थितीतली स्त्री एका पर्सच्या अंतराने ‘बेवारस बाई’ या सदरात जाते. इथे शेरीफ या पदाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. काउंटी हे आपल्या जिल्ह्याशी ढोबळमानाने जुळणारे स्थानिक शासनाचे एकक असून तिथला पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ, सामान्यतः स्थानिक मतदारांकडून निवडला जातो. त्यामुळे त्याला ज्यांना जाब द्यायचा असतो ते त्या काउंटीतले रहिवासी असतात आणि वाटसरूला तिथे मत नसते. चित्रपटातला शेरीफ स्वतः सैतान म्हणून रंगवलेला नाही, सकाळी चौकशी करू असे म्हणण्याइतका तो सभ्य आहे. पण सकाळ होईपर्यंतचे तास त्याच्या हाताखालच्या माणसाच्या हाती असतात, आणि सगळा अनर्थ त्या तासांत घडतो.

हे कथानक हवेतून आलेले नव्हते. १९७४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ब्यूफर्ट काउंटीच्या तुरुंगात जोन लिटल या वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय कैदी तरुणीने तिच्यावर जबरदस्ती करणाऱ्या पहारेकऱ्याला बर्फ फोडण्याच्या टोच्याने मारले आणि ती पळाली. पुढच्या वर्षीच्या खटल्यात तिच्या बाजूने देशभर मोहीम उभी राहिली आणि १९७५ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. चित्रपट त्यानंतर वर्षाच्या आत आला. वास्तवातली स्त्री काळी आणि गरीब होती, पडद्यावरची गोरी आणि संपन्न झाली. या अदलाबदलीत तिकीटबारीचा हिशेब उघड आहे. मात्र त्याच अदलाबदलीने ही गोष्ट कोणाच्याही बाबतीत घडू शकते असेही सुचवले, आणि वास्तवातल्या ज्यूरीने दिलेला दिलासा मात्र चित्रपटाने नाकारला.

महानगरातला प्रेक्षक असा चित्रपट पाहताना आपोआप गाडीत, नायिकेच्या शेजारच्या आसनावर बसतो. लातूर जिल्ह्यातल्या औशासारख्या गावी बसून तो पाहिला तर जागा बदलते, कारण औसा हे गाव त्या कथेतल्या काउंटीच्या बाजूचे आहे. तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असे करत नागपूरजवळच्या बुटीबोरीला पोहोचणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग औशावरून जातो. लातूर इथून वीसेक किलोमीटरवर आहे. खंदकाने वेढलेला बहामनी काळातला भुईकोट, नाथ संप्रदायाचे संस्थान, तालुक्याची कचेरी आणि बाजार असलेले हे गाव परक्या गाड्यांना केवळ जाता-जाता दिसते. ‘जॅक्सन काउंटी जेल’मध्ये आणि त्याच्या जातकुळीतल्या बहुतेक चित्रपटांत असे गाव म्हणजे राक्षसांची वस्ती असते: प्रत्येक टपरीवाला लंपट, प्रत्येक हवालदार विकला गेलेला, आणि सगळे गाव परक्याविरुद्ध एक. हे चित्र शहराने काढलेले आहे आणि ते शहराच्या सोयीचे आहे, कारण धोका गावाबाहेर ठेवला की घरातला, कार्यालयातला, ओळखीच्या माणसाकडून होणारा जाच झाकला जातो. डायनाचा पहिला अपमान लॉस एंजेलिसमध्येच होतो, हे लक्षात ठेवणारे प्रेक्षक थोडे. शिवाय मराठवाड्यातल्या मुलीचा प्रवास दिशेनेही उलटा आहे. ती शिकायला लातूरला किंवा नांदेडला, नोकरीला पुण्याला रात्रीच्या गाडीने जाते, आणि तिच्या आईवडिलांच्या काळजीचा विषय रस्त्याकडेचा गुत्ता नसून पलीकडचे शहर असते. आश्विनात याच पट्ट्यातून तुळजापूरच्या भवानीला पायी जाणाऱ्या बायका रात्रीदेखील चालत असतात. त्यांना कोणी धाडसी म्हणत नाही, कारण त्या घोळक्याने असतात आणि त्या कुठे व कशाला चालल्या आहेत हे प्रत्येक टपरीवाल्याला ठाऊक असते.

चित्रपटांच्या बाजारपेठेतही औशाची जागा काठावरची आहे. हिंदी चित्रपटांच्या वितरकांनी देशाचे जे विभाग पाडले, त्यांना ‘सर्किट’ म्हणतात, आणि त्यांच्या वहीत मराठवाडा मुंबईकडे न मोडता ‘निझाम’ सर्किटकडे मोडतो. निझामाचे राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, औसा ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते त्यातून १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला. पण सिनेमाच्या व्यापाराने जुना नकाशा तसाच जपला. मोठ्या शहरांना ‘ए’ आणि तालुक्याच्या गावांना ‘बी’ किंवा ‘सी’ केंद्र म्हणण्याची या धंद्याची रीत आहे. स्वस्तातले भयपट, डाकूपट आणि सूडपट मुंबईच्या समीक्षकांच्या नजरेस न पडताही आपला खर्च भरून काढत ते या खालच्या केंद्रांच्या जोरावर, जसे कोर्मनचे चित्रपट ड्राइव्ह-इनच्या जोरावर.

आता १९७६ च्या महाराष्ट्राकडे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आणि आज गडचिरोलीत असलेल्या, देसाईगंज इथल्या पोलीस चौकीत एक अल्पवयीन आदिवासी मजूर मुलगी भावाने केलेल्या तक्रारीच्या निमित्ताने घरच्यांसह आली. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगून तिला आत थांबवून घेण्यात आले आणि तिथे तिच्यावर अत्याचार झाला. हे प्रकरण पुढे त्या मुलीच्याच नावाने देशभर ओळखले गेले. ते नाव छापणे आजच्या कायद्यात बसत नाही आणि तशी गरजही नाही. सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोन्ही पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांना दोषी धरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात १५ सप्टेंबर १९७८ रोजी पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. भीती आणि संमती यांतला फरक उच्च न्यायालयाने ओळखला होता. गणवेशातल्या माणसासमोर, त्याच्याच चौकीत, दिवे विझवलेल्या खोलीत अंगाला ओरखडा न उठणे याचा अर्थ होकार होत नाही, हे त्याने म्हटले होते आणि वरच्या न्यायालयात ते टिकले नाही.

या निकालावर सर्वांत नेमका घाव घातला तो उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ च्या सप्टेंबरात सरन्यायाधीशांना लिहिलेल्या अनावृत पत्राने. १९८० च्या ८ मार्चला देशातल्या अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. दरम्यान १९७८ च्या मार्चमध्ये हैदराबादेत सिनेमाचा रात्रीचा खेळ पाहून परतणाऱ्या एका गरीब जोडप्याला नल्लाकुंटा पोलीस ठाण्यात नेण्यात आले होते; बाईवर अत्याचार झाला, नवरा मारहाणीत मेला आणि शहर पेटले. न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या चौकशी आयोगाने पोलिसांना दोषी धरले, पण खटला कर्नाटकात रायचूरला हलवल्यावर आरोपी सुटले. या दोन प्रकरणांच्या रेट्याखाली १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतला बलात्कार हा वेगळा आणि अधिक शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे पुराव्याच्या कायद्याच्या कलम ११४-अ मध्ये आले. आणि पीडितेची ओळख उघड करण्यावर बंदी आली.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, महाराष्ट्रातूनच गेलेल्या आणखी एका प्रकरणाचा निकाल लागला, ज्याची आठवण त्या मानाने कमी काढली जाते. पत्रकार शीला बारसे यांनी १९८२ च्या मे महिन्यात मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने चौकशी करवली आणि सूचना दिल्या: शहरातल्या बऱ्या वस्तीत स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, त्यांवर स्त्री-पोलिसांचाच पहारा असावा, स्त्रीची चौकशी स्त्री-पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, आणि अटक होताच नातेवाइकांना व विधी-साहाय्य समितीला कळवले जावे. या यादीतली प्रत्येक सूचना ‘जॅक्सन काउंटी जेल’च्या कथानकातला एकेक दुवा तोडते. पहाऱ्यावर बाई असती, डायनाच्या माणसांना रात्रीच फोन गेला असता, तर चित्रपट पाऊण तासात संपला असता.

सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करू नये, या नियमाचा उगमही नागपूरकडेच सापडतो. कोठडीतल्या एका मृत्यूच्या प्रकरणात नागपूर खंडपीठाने सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कोणत्याही स्त्रीला अटक होता कामा नये आणि स्त्री-शिपायाशिवाय तर कधीच नाही, असा सरसकट आदेश दिला होता. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो सैल केला, कारण त्यामुळे पोलिसांना काम करणे अवघड होईल असे सरकारचे म्हणणे होते. मग २००५ च्या दुरुस्तीने संसदेने मधला मार्ग काढला: अपवादात्मक परिस्थिती वगळता रात्री अटक नाही, आणि अपवाद करायचा तर स्त्री-अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे.

या सगळ्या काळात हिंदी पडदा काय करत होता? रस्त्यावरच्या संकटग्रस्त स्त्रीची कथा त्याला अपरिचित नव्हती. १९७२ च्या ‘बॉम्बे टु गोवा’मध्ये अरुणा इराणीने रंगवलेली माला खुनाची साक्षीदार झाल्यामुळे जीव मुठीत धरून पळते आणि मारेकरी तिच्या मागावर असतात, कथासूत्र अमेरिकन थरारपटाला शोभावे असे आहे. पण ती पळते ते बसमधून, आणि ती बस म्हणजे चालता-फिरता वाडा आहे. चालकाचे व वाहकाचे नाव जोडून राजेश खन्ना होते, प्रवाशांत हरतऱ्हेचे नमुने आहेत, आणि धोका खिडकीपाशी आला तरी त्याला आत शिरायला जागा मिळत नाही, इतकी गर्दी आहे. एसटीने प्रवास केलेल्या कोणाही मराठी बाईला ही सुरक्षितता, तिच्यातल्या धक्काबुक्कीसह, समजावून सांगावी लागत नाही.

मोटारीतल्या एकट्या बाईची कथा मात्र आपल्याकडे दीर्घकाळ आली नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत बलात्काराविषयीचा दुसरा एक चित्रपट निघाला होता, ‘लिपस्टिक’, ज्यात अत्याचार करणारा एक ओळखीचा, सुशिक्षित पुरुष आहे आणि न्यायालयाने निराश केल्यावर नायिका बंदूक उचलते. बी. आर. चोप्रांनी १९८० च्या ‘इन्साफ का तराजू’साठी हाच साचा घेतला. देसाईगंजच्या निकालावरून देशात चर्चा पेटलेली असताना आलेल्या या चित्रपटाने ती चर्चा भरपूर वापरली. न्यायालयातली उलटतपासणी किती अपमानास्पद असते हे त्याने दाखवले, ते खरेच. पण त्यातला अत्याचारी हा एक विकृत इसम आहे, पोलीस चौकीचा तिथे संबंध नाही, आणि खुद्द अत्याचाराची दृश्ये इतक्या रेंगाळत्या नजरेने टिपली आहेत, की निषेध आणि विक्री यांतली रेघ कोर्मनच्या चित्रपटापेक्षाही पुसट होते. साधनसंपन्न निर्मात्याचा चित्रपट ‘सामाजिक’ ठरतो आणि गरिबाचा ‘एक्स्प्लॉइटेशन’, या वर्गवारीत पुष्कळदा बजेटच बोलत असते.

कोठडीकडे पाहण्याचे धैर्य दाखवले ते मराठी लेखकांनी. त्याच १९८० साली गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’साठी विजय तेंडुलकरांनी अशा आदिवासीची कथा लिहिली, ज्याच्या बायकोवर अत्याचार करून तिला मारणाऱ्यांत गावचे सगळे प्रतिष्ठित सामील आहेत, पोलीसही, आणि म्हणूनच तो स्वतःच्या बचावातही तोंड उघडत नाही. १९८३ च्या ‘अर्धसत्य’मध्ये श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून तेंडुलकर थेट कोठडीत गेले आणि हाती सापडलेल्या भुरट्या चोराला मारून टाकणारा फौजदार त्यांनी आतून उभा केला. मात्र ‘आक्रोश’मधली स्त्री मेलेली आहे आणि ‘अर्धसत्य’च्या कोठडीत स्त्री नाही. दरवाजा बंद झाल्यावर आत उरलेल्या जिवंत बाईच्या नजरेने ती खोली पाहण्याचे काम या दोन्ही मातब्बर चित्रपटांनी केले नाही, ते ड्राइव्ह-इनसाठी काढलेल्या त्या स्वस्त चित्रपटाने केले होते.

१३ मार्च २०१५ रोजी प्रदर्शित झालेला नवदीप सिंग यांचा ‘एनएच१०’ हा त्या चित्रपटाचा भारतातला सर्वांत जवळचा नातलग. त्याची नायिका अनुष्का शर्मा हिची निर्माती म्हणून ही पहिली कामगिरी होती. (ज्या दिल्ली-फाजिल्का रस्त्यावरून हे नाव आले त्याचा क्रमांक तोवर कागदोपत्री बदलून ९ झाला होता आणि १० हा क्रमांक सिक्कीमच्या रस्त्याकडे गेला होता.) गुडगावात नोकरी करणारी मीरा नवऱ्यासोबत सुटीला निघते, एका ढाब्यावर पळून लग्न केलेल्या जोडप्याला मुलीचेच नातेवाईक फरफटत नेताना दोघे पाहतात, नवरा मध्ये पडतो आणि तिथून पाठलाग सुरू होतो. हरियाणातल्या जातपंचायतींच्या नावाने झालेल्या हत्यांची पार्श्वभूमी सुदीप शर्मांच्या पटकथेला आहे. मीरा धावत पोलीस चौकी गाठते तेव्हा तिथला पोलीस मारेकरी कोण आहेत हे कळताच हात झटकतो, आणि नंतर भेटलेला वरिष्ठ अधिकारी तिला गाडीत घेऊन राज्यघटना, जात आणि मनू यांवर शांतपणे प्रवचन देत तिला मारेकऱ्यांकडेच नेऊ पाहतो. डायनाचा गुन्हा ओळखपत्र नसणे हा होता. मीराजवळ ओळखपत्र, नोकरी, इंग्रजी, परवान्याची बंदूक सगळे आहे, आणि त्यातले काहीही चालत नाही, कारण इथे विचारली जाणारी ओळख जातीची आहे. अमेरिकन कथेची ही खरीखुरी भारतीय आवृत्ती आहे, आणि चौकीचा तो छोटा प्रसंग चित्रपटातल्या सगळ्या रक्तपातापेक्षा जास्त घाबरवतो.

त्यानंतर मात्र चित्रपट वळतो. नवरा मेल्यावर मीरा लोखंडी गज आणि गाडी घेऊन परत फिरते आणि मारेकऱ्यांना एकेक करून संपवते; प्रेक्षागृहांत टाळ्या पडाव्यात अशीच त्याची मांडणी आहे. मिलरने डायनाला असा हिशेब चुकता करू दिला नाही: ती ज्या यंत्रणेतून सुटली होती तिच्याच गाडीत पुन्हा बसते, आणि पडद्यावर तिला कोणी न्यायही देत नाही की बळही. मीराच्या सूडात खुनी भाऊ आहे, त्याचे साथीदार आहेत, मुलीची सरपंच आईदेखील तिच्यासमोर येते. चौकीत तिला परत पाठवणारा पोलीस मात्र त्या रात्रीनंतर कथेत पुन्हा येत नाही.